अनोळखी माणसांबरोबर गोष्ट खेळताना : ऑनलाइन ‘ऑर्गनाइज्ड प्ले’ची पहिली पायरी

आजचा विषय वरवर पाहता हौशी मंडळींचा आहे. पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. एकमेकांना कधीही न भेटलेली पाच-सहा माणसं चार तास बसून एकच गोष्ट कशी रचतात, आणि तीही भांडण न करता?

आधी खेळ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती मंडळी बसतात. एक जण गेम मास्टर, म्हणजे आपल्या भाषेत सूत्रधार. तो प्रसंग उभा करतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘आता मी काय करतो’ हे तोंडाने सांगतात. ते जमलं की फसलं, याचा निकाल फासा देतो.

खेळ सुंदर, पण एक अडचण आहे. त्याला तीच ती माणसं महिनोन्‌महिने लागतात. कुणाची बदली होते, कुणाचं लग्न होतं, गट मोडतो आणि जिवापाड वाढवलेलं पात्र वहीतच राहतं. १९८० मध्ये आरपीजीए ही खेळाडूंची संघटना निघाली. आज त्या परंपरेतले दोन मोठे उपक्रम आहेत. एक ‘डी अँड डी’चा ‘ॲडव्हेंचरर्स लीग’, २०१४ पासूनचा. दुसरा पायझो कंपनीचा ‘पाथफाइंडर सोसायटी’, २००८ पासूनचा. आपण आज दुसऱ्याचं उदाहरण घेऊ, कारण त्यात यंत्रणा स्पष्ट दिसते.

इथे प्रत्येक साहस साधारण चार-पाच तासांत पुरं होतं. टेबलावर एरवी चार ते सहा खेळाडू असतात. खेळ संपला की प्रत्येकाला एक ‘क्रॉनिकल’ मिळतं. त्यात काय कमावलं, किती अनुभव मिळाला, सगळी नोंद असते. हे बँकेच्या पासबुकासारखं समजा. खातं एका शाखेत उघडलं तरी व्यवहार कुठल्याही शाखेत चालतो, तसं तुमचं पात्र जगातल्या कुठल्याही टेबलावर चालतं. दुसऱ्या आवृत्तीत एका साहसाचे सहसा ४ गुण मिळतात आणि १२ गुणांना एक पातळी वाढते. म्हणजे तीन साहसं, एक पातळी. हिशोब सोपा आहे.

याची किंमतही आहे बरं का. घरच्या खेळात सूत्रधार राजा असतो. इथे त्याला लिहून दिलेलं साहस चालवावं लागतं, मनाला येईल ते बक्षीस वाटता येत नाही. कारण एका टेबलावर सढळ हात झाला, तर दुसऱ्या टेबलावरच्या लोकांवर अन्याय होतो. आणि पात्र मेलं तर तेही नोंदलं जातं. त्याला परत जिवंत करण्याचे मार्ग आहेत, पण फुकट नाहीत.

आता सुरुवात कशी करायची ते पाहू. पायझोच्या संकेतस्थळावर मोफत खातं काढून आपला क्रमांक घ्यायचा. नियमांसाठी लगेच पुस्तक विकत घेण्याची गरज नाही, ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’वर ते मोफत वाचता येतात. पहिल्याच दिवशी स्वतःचं पात्रही बनवू नका. तयार पात्रं मिळतात. व्हॅलेरॉस नावाचा लढवय्या घ्या, खेळून पाहा, मिळालेलं श्रेय नंतर आपल्या पात्राला लावता येतं. जागा राखायला ‘वॉरहॉर्न’सारखी ठिकाणं, बोलायला डिस्कॉर्ड, नकाशाला रोल२० किंवा फाउंड्री. एवढी सामग्री पुरे.

खरी परीक्षा घड्याळाची. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेचार. हिवाळ्यात साडेपाच. तिकडची घड्याळं पुढेमागे होतात, आपली होत नाहीत, म्हणून नाव नोंदवण्याआधी वेळ दोनदा तपासावी. हे जमत नसेल तर ‘प्ले बाय पोस्ट’ आहे. त्यात सगळं लिहून खेळतात, दिवसाला एखादा मजकूर टाकला तरी चालतं. साहस काही आठवडे चालतं, पण झोप शाबूत राहते. ज्यांना इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो त्यांनाही हे सोयीचं, विचार करून लिहिता येतं. बोलून खेळतानाही नाटकी आवाज काढावा लागत नाही. ‘माझा लढवय्या दार ढकलतो’, एवढं म्हटलं तरी पुरतं.

आणि आता मुख्य मुद्दा. सूत्रधार बहुतेक वेळा स्वयंसेवक असतो. त्याने आधी बसून पानंच्या पानं वाचलेली असतात, नकाशे मांडलेले असतात. चारच जण नोंदलेले असताना एक जण न कळवता आला नाही, तर सगळ्यांची संध्याकाळ धोक्यात येते. म्हणून जमणार नसेल तर आदल्या दिवशी दोन ओळी कळवा. नवख्याचे नियम चुकले तर कुणी मनाला लावून घेत नाही, गैरहजेरी मात्र लक्षात राहते. तसंच या सोसायटीत आपल्याच सोबत्याच्या पात्रावर हल्ला करायला बंदी आहे. सहकार्य हा तिच्या ब्रीदाचाच भाग आहे. एखादा प्रसंग नकोसा वाटला तर थांबवायला सांगा. चांगला सूत्रधार कारण विचारत बसत नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. अनोळखी माणसं आपोआप एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. समान नियम, कायम राहणारी नोंद आणि वेळेवर येण्याची सवय, या तिन्हींतून तो विश्वास तयार होतो.

शेवटी, ‘हे मराठीत खेळता येईल का?’ असं अनेक जण विचारतात. येईल. चार मराठी खेळाडू आणि एक सूत्रधार जमले, साहसाची एक पीडीएफ विकत घेतली, संकेतस्थळावर कार्यक्रम नोंदवला, की टेबल उभं राहिलं. वाक्यं मराठीत बोला, नोंद नियमाप्रमाणे करा. मात्र आधी दोन-तीन टेबलांवर नुसते खेळाडू म्हणून बसा. दुसऱ्याने मांडलेला खेळ पाहिल्यावरच आपला मांडायला हिंमत येते.