जुन्या जीपच्या पत्र्याचे गणगोत

जुनी जीपगाडी पदरी बाळगणाऱ्या माणसाला इंजिनाची चिंता फारशी पडत नाही. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, कार्बोरेटरचे किट ही सामग्री आजही थोड्याफार शोधाने मिळते. न मिळाल्यास चांगला खरादी ती घडवून देतो, कारण इंजिन हा शेवटी मोजमापाचा विषय आहे. माणूस हतबल होतो तो पत्र्यापुढे. मडगार्डाचा वळसा, बॉनेटची कड, पायाखालची जमीन, समोरची जाळी या गोष्टी दुकानाच्या फळीवर क्वचितच आढळतात आणि आढळल्या तरी आपल्या गाडीला बसतीलच असे नाही. इंदूर, उज्जैन, देवास या आपल्या माळव्याच्या टापूत शेतीवाडीच्या घरांतून अशा कितीतरी जीपगाड्या गोठ्याच्या कडेला उभ्या दिसतात. बहुतेकींचे इंजिन फिरू शकेल. पत्रा मात्र संपलेला असतो.

हा पत्रा कुजतो कसा, हे आधी पाहिले पाहिजे. जीपची बॉडी म्हणजे दरवाजे नसलेला, वरून उघडा असा पोलादी डबा. पत्रा साधारण १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा. पाऊस आत येणारच हे गृहीत धरून कर्त्यांनी जमिनीला पाणी जाण्यासाठी भोके ठेवली होती; परंतु ती माती आणि काडीकचऱ्याने बुजतात. जमिनीच्या खालच्या अंगाला बळकटीसाठी टोपीच्या आकाराच्या पन्हाळी पट्ट्या जोडलेल्या असतात. युद्धकाळातील गाड्यांत तर या पट्ट्यांच्या पोकळीत लाकूड भरलेले असे. लाकूड एकदा भिजले की महिनोन्महिने ओल सोडत नाही, आणि लोखंड आतून खाल्ले जाते. त्याच गाड्यांत चालकाच्या आसनाखाली पेट्रोलची टाकी एका खोलगट कुंडात बसवलेली असते. तिच्याभोवती साचलेला चिखल तेच काम करतो. माळव्याच्या काळ्या मातीला ओल धरून ठेवण्याची जी कीर्ती आहे ती गव्हाला उपकारक असली, तरी पत्र्याला घातक आहे. त्यामुळे वरून धडधाकट दिसणारी गाडी उलटी करून पाहिली तर खाली चाळणी आढळते.

आता या पत्र्याचे गणगोत पाहू. कारण सोयरीक ठाऊक असल्यावाचून बदली भाग शोधता येत नाही. मूळ पुरुष म्हणजे १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत तयार झालेली लष्करी जीप. विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून ती सहा लाखांहून अधिक संख्येने बनवली. पुढील आणि मागील चाकांतील अंतर ८० इंच. आरंभीच्या विलीस गाड्यांची समोरची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. पुढे फोर्डने एकाच पत्र्यातून दाबून काढलेली, नऊ उभ्या फटींची जाळी केली, ती हलकी आणि स्वस्त म्हणून विलीसनेही स्वीकारली. गंमत अशी की, आज ती जुनी पट्ट्यांची जाळी कोणताही चांगला लोहार घडवू शकतो; दाबून काढलेल्या जाळीसाठी मात्र मोठा साचा हवा. जे कारखान्याला सोपे ते दुरुस्ती करणाराला कठीण, असा हा उलटा व्यवहार आहे.

युद्ध संपताच विलीसने नागरी जीप काढली. तिला सात फटी, मोठे दिवे आणि मागे उघडणारे फळकूट आले. लष्करी जीपला मागचे फळकूट नव्हते. या सीजे-टूएनंतर १९४९ मध्ये सीजे-थ्रीए आणि १९५३ मध्ये सीजे-थ्रीबी अवतरली. आपल्याकडे घरोघर पाहिलेली, उंच कपाळाची जीप ती हीच. तिचे बॉनेट उंच का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्यात शोभेचा भाग काही नाही. जुन्या इंजिनात दोन्ही झडपा बाजूला होत्या; नव्या इंजिनात आत घेणारी झडप डोक्यावर गेली, इंजिनाची उंची वाढली, आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा बॉनेट, जाळी आणि चालकासमोरची भिंत उंचावली. मागचा डबा जवळजवळ होता तसाच राहिला. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर बदली भागांच्या शोधातील निम्मा गोंधळ मिटतो. काचेच्या चौकटीपासून पुढचा भाग थ्रीए आणि थ्रीबी यांत भिन्न. मागे सोयरीक जमते.

अमेरिकेत थ्रीबी १९६८ मध्ये थांबली. मुंबईच्या महिंद्रांनी विलीसच्या परवान्याने तिचे उत्पादन चालवले आणि पुढे अनेक दशके त्याच ठेवणीच्या गाड्या काढल्या. जपानात मित्सुबिशीने हाच वंश १९९८ पर्यंत टिकवला. जन्मभूमीत खुंटलेली शाखा अशी परदेशी बहरली. परिणामी अमेरिकेतील हौशी माणसाला जो पत्रा दुर्मिळ, तो आपल्या भंगार बाजारात कधीकधी वजनावर विकला जातो. या आकाराचे मोल कमी लेखू नये. महिंद्रांची रॉक्सर ही गाडी अमेरिकेत विक्रीस आली, तेव्हा जीपच्या तत्कालीन मालक कंपनीने २०१८ मध्ये तेथील व्यापार आयोगाकडे तक्रार केली, ती मुख्यतः या चौकोनी ठेवणीबद्दलच. २०२० मध्ये आयोगाने पहिल्या रूपाविरुद्ध निर्णय दिला आणि समोरचा चेहरा बदलल्यावरच वाट मोकळी झाली. ज्या पत्र्याला आपण ‘डबा’ म्हणतो, त्याच्या नाकाडोळ्यांसाठी दोन बलाढ्य कंपन्या भांडल्या.

सोयरीक असली तरी ‘जवळजवळ बसते’ या शब्दापासून सावध राहावे. लष्करी गाडीचे सुकाणू डावीकडे, आपल्या गाड्यांचे उजवीकडे. म्हणून पुढच्या भिंतीतील सुकाणूची आणि पायपट्ट्यांची भोके उलट बाजूंना. लष्करी डब्याच्या डाव्या कुशीत फावडे आणि कुऱ्हाड अडकवण्याच्या खोबणी आहेत. पेट्रोल भरण्याचे तोंडही आसनाखाली आहे. नट-बोल्टांचा फसवेपणा तर याहून बारीक. या गाड्यांचे माप इंची आहे. पाच-सोळांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, आणि आजच्या दुकानात मिळतो तो ८ मिलिमीटरचा. डोळ्यांना फरक दिसत नाही. आटे मात्र जुळत नाहीत. दोन फेरे सुखाने फिरतात, तिसऱ्याला बोल्ट अडतो, कारागीर जोर लावतो, आणि ऐंशी वर्षे टिकलेला आटा एका झटक्यात चिरडला जातो.

अखंड नवा डबा मिळण्याच्याही सोयी आहेत. फिलिपाइन्समध्ये युद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या जीपगाड्यांपासून तेथील प्रसिद्ध ‘जीपनी’ प्रवासी गाड्या तयार झाल्या, आणि त्यातून पत्रा ठोकण्याची एक मोठी विद्या त्या देशात रुजली. एम. डी. हुआन या तेथील कारखान्याच्या नव्या बॉडी जगभरच्या हौशी लोकांनी आपल्या जुन्या चासीवर बसवल्या आहेत. आपल्याकडे हरियाणातील सिरसा जिल्ह्यात मंडी डबवाली हे गाव याच धंद्यासाठी विख्यात आहे. तेथील ठोकणाऱ्यांचा हात कुशल आहे यात शंका नाही. पण हे कौशल्य ग्राहकाच्या मागणीवर चालते, आणि ग्राहकाला बहुधा हवी असते रुंद चाकांची, चकचकीत, पाहणाराने थबकावे अशी गाडी. मूळ मापाची साधी गाडी मागणारा विरळा.

जबलपूरच्या वाचकांना येथे जोंगा आठवेल. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून तीसेक वर्षे बनलेली ही लष्करी गाडी मुळात जपानच्या निस्सान पेट्रोलची बहीण. तिला जीपसारखे विस्तीर्ण गोत नाही. कोपऱ्याचा पत्रा गेला तर लष्करी लिलावातली दुसरी जोंगा गाठावी, नाहीतर हातोडा उचलावा.

हातोड्याचा विषय निघालाच आहे, तर माझ्या मते खरा मार्ग तोच आहे. जीपचा पत्रा बहुतांशी सपाट आहे. मडगार्ड सपाट, काचाही सपाट, त्यामुळे काच कोणताही काचवाला कापून देतो, फक्त ती दुपदरी सुरक्षित काच असावी. अशा गाडीचा सगळा डबा फेकून देण्याची वेळ वस्तुतः फार थोड्यांवर येते. कुजलेला भाग कापून तेवढाच तुकडा बसवता येतो. यात पहिला नियम असा की डबा चासीवरून उतरवून जमीन कापू नये. दरवाजे नसल्यामुळे चढण्याच्या जागी दोन्ही बाजूंना मोठे खाचे आहेत, आणि पुढचा व मागचा भाग मुख्यतः जमिनीनेच जोडलेला आहे. जमीन कापली की डबा मधोमध वाकतो. म्हणून आधी खाच्यांत लोखंडी अँगलचे आडवे-तिरपे टेकू टाक्यांनी पक्के करावेत, बोल्ट चासीला आवळलेले ठेवावेत, आणि मगच कात्री लावावी.

नंतर कर्णांची मोजणी. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात हे आम्ही शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना शिकवतो आणि परीक्षेनंतर ती ते विसरतात. शाळेची पायरीही न चढलेले डेंटर मात्र डब्याच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून, तिला गाठ मारून, तीच गाठ दुसऱ्या कर्णावर पडताळून पाहतात. गाठ बोटभर चुकली तर बॉनेट कधीच सरळ बसणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. भूमितीचा एवढा निष्ठावंत उपयोग मी वर्गात पाहिलेला नाही.

तुकड्याचा साचा आधी पुठ्ठ्याचा करावा. पुठ्ठा चुकला तर चार आणे गेले, पत्रा चुकला तर दिवस गेला. तुकडा कडेला कड भिडवून बसवावा, एकावर एक चढवू नये, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरते आणि कुजण्याचा तोच खेळ पुन्हा सुरू होतो. वेल्डिंग सलग ओढू नये. एक टाका येथे, दुसरा वीतभर दूर, मधल्या वेळी पत्रा निवू द्यावा. नाहीतर उष्णतेने तो पापडासारखा फुगतो. टाके घासल्यावर खालून ठोकळा धरून वरून हलक्या हातोडीने पृष्ठभाग एकसारखा करावा. पुट्टी लागेल ती नखाएवढ्या थराची. बोटभर पुट्टी थापून गुळगुळीत केलेली गाडी दुकानातून निघताना सुंदर दिसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात खपल्या टाकते. टोपीच्या पट्ट्या नव्या घातल्या तर त्यांत पुन्हा लाकूड भरू नये. मूळ रूपाचा आग्रह येथे सोडलेला बरा.

या आग्रहाला आता कायद्याचीही एक बाजू आली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे स्पष्ट केले होते. कुजलेल्या जागी त्याच आकाराचा पत्रा बसवणे आणि डबा रुंद करून नवेच रूप देणे या दोहोंत माझ्या समजुतीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण हे अंतर तपासणी अधिकाऱ्याला पटवण्यासाठी कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, आणि कापलेले जुने तुकडेसुद्धा, जपून ठेवणे शहाणपणाचे.

देवासकडील एका परिचित शेतकरी कुटुंबात हाच पेच पडला. आजोबांनी साठीच्या दशकात घेतलेली जीप. आजोबा गेले, गाडी बारा वर्षे छपराखाली उभी. नातवाने अखंड नवा डबा मागवण्याचे ठरवले होते. मुलाची आई नाही म्हणाली. डाव्या मडगार्डावर एक पोचा आहे. तिच्या लग्नाच्या वऱ्हाडात गाडी कडुलिंबाला घासली होती, तेव्हाचा. नव्या डब्यासोबत तो पोचा भंगारात जाणार, हे तिला सहन होईना. मडगार्ड डब्यापासून वेगळे असते, बोल्ट काढले की सुटते, तेव्हा ते राखून बाकी बदला, असा तोडगा कोणी सुचवला. परंतु एका वृद्ध डेंटरने दोन दिवस गाडीखाली झोपून पाहणी केली आणि सांगितले की जमीन, टाकीचे कुंड आणि दोन पट्ट्या एवढेच मेले आहे. बाकी पत्रा जिवंत आहे. काम चार महिने चालले. नव्या डब्याहून खर्च कमी आला असे नाही. जवळजवळ तितकाच आला. मुलगा प्रथम कुरकुरला, नंतर सुतळीचे दुसरे टोक धरू लागला. त्या डेंटरची स्वतःची दोन्ही मुले मोटारकंपनीच्या दालनात विमा-दाव्यांच्या नोंदी करतात. तेथे पोचा काढत नाहीत, भाग बदलतात.

पोचा तसाच ठेवला आहे, त्यावर रंग तेवढा दिला. मागचे फळकूट मात्र अद्याप मिळालेले नाही. कडब्याच्या पेंढ्या भरता याव्यात म्हणून ते कधीतरी काढून ठेवले आणि घरच्यांना ते कोठे गेले हे आठवत नाही. महूच्या भंगारात एक सापडले, पण ते नंतरच्या नमुन्याचे निघाले. बिजागऱ्यांची जागा बोटभर सरकलेली. कोणा वाचकाच्या गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून असे एखादे फळकूट उभे असेल, तर बिजागऱ्यांमधील अंतर मोजून कळवावे.