एका श्लेषाची किंमत

'युरोव्हिजन' ही गीतस्पर्धा युरोपीय प्रसारण संघाने १९५६ साली सुरू केली. सहभागी देशाची प्रसारण संस्था एक नवे गीत निवडून पाठवते आणि विजेत्या देशाला बहुधा पुढील वर्षीचे यजमानपद मिळते. गीतांचे शब्द, भाषणे वा हावभाव राजकीय स्वरूपाचे असू नयेत, असा या स्पर्धेचा नियम आहे. नियम वाचताना सोपा वाटतो. तो लावताना मात्र भाषेचे स्वरूपच आडवे येते.

२००८ च्या स्पर्धेत रशियाचा गायक दिमा बिलान विजयी झाला. त्यामुळे २००९ ची स्पर्धा मॉस्को येथे ठरली. मधल्या काळात, २००८ च्या ऑगस्टमध्ये, दक्षिण ओसेतियाच्या प्रश्नावरून रशिया व जॉर्जिया यांच्यात पाच दिवसांचे युद्ध झाले. जॉर्जियाने मॉस्कोला न जाण्याचे जाहीर केले. पण त्याच वर्षी सायप्रसमध्ये झालेल्या बालस्पर्धेत जॉर्जियाची मुले जिंकली, रशियानेही त्यांना सर्वाधिक बारा गुण दिले आणि पुढे हा निर्णय बदलला.

२००९ च्या फेब्रुवारीत जॉर्जियाने जे गीत निवडले, त्याचे शीर्षक होते 'वी डोन्ट वॉना पुट इन'. चाल डिस्कोची, नाचायला लावणारी. गाणारा चमू 'स्टेफान आणि थ्री जी'. आता शीर्षकाकडे पाहा. इंग्रजीत 'पुट इन' म्हणजे आत घालणे. हे दोन शब्द जोडून उच्चारले, की रशियाचे तत्कालीन पंतप्रधान व्लादिमिर पुतिन यांचे आडनाव कानी पडते. शब्दाची फोड केल्याने दुसरा अर्थ निघतो, तेव्हा आपण त्याला सभंग श्लेष म्हणतो. हा त्याचाच नमुना.

गीतात कोणतेही राजकीय विधान नाही, असे जॉर्जियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे म्हणणे होते. वाच्यार्थापुरते ते खोडून काढणे कठीण. पण चांगल्या श्लेषात दोन्ही अर्थ आपापल्या पायांवर उभे राहतात. येथे 'आम्हाला आत घालायचे नाही' हा पहिला अर्थ इतका लंगडा आहे, की श्रोता आपोआप दुसऱ्याकडे वळतो. श्लेष म्हणून तो फारसा सरस नव्हे. टोमणा म्हणून मात्र अचूक. मार्च २००९ मध्ये प्रसारण संघाने शब्द बदला किंवा दुसरे गीत द्या, असे कळवले. जॉर्जियाने दोन्ही नाकारले व माघार घेतली. २०१० साली तो देश ओस्लो येथील स्पर्धेत परतला.

हाच नियम २०१६ साली पुन्हा कसोटीला लागला. युक्रेनची गायिका जमाला हिच्या गीताचे नाव '१९४४' होते. त्या वर्षी स्टालिनच्या राजवटीने क्रिमियातील जवळजवळ दोन लाख तातारांना मध्य आशियाकडे हद्दपार केले; जमालाची पणजी त्यांपैकीच एक. रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया ताब्यात घेतलेला असल्याने या गीतावर रशियातून आक्षेप आले. गीतात ना स्टालिनचे नाव, ना क्रिमियाचे. श्लेष तर नाहीच. व्यंग्यार्थ मात्र ऐकणाऱ्यांपैकी कोणापासून लपलेला नव्हता. तरीही हा इतिहास आहे, राजकारण नव्हे, असे मानून संघाने ते गीत स्वीकारले आणि स्टॉकहोम येथे ते पहिले आले.