आठ आण्यांची विकेट

कल्याण-डोंबिवलीकडे टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने सुरू झाले, की आपल्या वस्त्यांतील चांगल्या गोलंदाजांना मागणी येते. शनिवारी एका मंडळाकडून खेळलेला पोरगा रविवारी ठाण्यात दुसऱ्याच संघाचा टी-शर्ट घालून उभा असतो. चेंडू कसा टाकतोस, एवढेच त्याला विचारतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी असाच संघामागून संघ बदलीत गेलेला एक डावखुरा फिरकी गोलंदाज महाराष्ट्रात होऊन गेला. त्याला मात्र जात आधी विचारली जाई. बाळू पालवणकर हे त्यांचे नाव.

जन्म 1876 चा, धारवाडचा. घराणे कोकणातले, चर्मकार समाजाचे. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यात आले. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर ही भावंडे खेळू लागली. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातील एका पारशी क्लबात, खेळपट्टी झाडण्याची आणि रोलर फिरवण्याची. तेथून ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. पगार महिना चार रुपये. जाळी बांधायची, आखणी करायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत आणि बाद झाले की आठ आणे देत, असे सांगतात. आम्ही पडलो कारकून, म्हणून हिशेब मांडून पाहिला. साहेबांना आठ वेळा बाद केले, की महिन्याचा पगार वसूल! पण एवढी वर्षे चेंडू टाकूनही बाळूंच्या हाती त्या क्लबात बॅट कधी आली नाही.

ही कीर्ती पुण्याच्या हिंदू संघाच्या कानी गेली. गोऱ्यांना हरवायचे तर हा माणूस हवा, हे सर्वांना पटले. आपल्यात घ्यायचे की नाही, यावर वाद झाला. शेवटी घेतले. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. साताऱ्यात गोऱ्यांच्या जिमखान्याला हरवून संघ परतला, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंना जाहीर सभेत हार घातला.

पुढे प्लेगच्या काळात कुटुंब मुंबईस आले. हिंदू जिमखान्यात काही सभासदांनी नाके मुरडली. कप्तान कीर्तिकरांनी आग्रह धरला म्हणून दार उघडले. बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात 114 बळी घेतले.

इतके संघ झाले, पण हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. 1920 साली उपकप्तानपद मिळाले, तेही धाकट्या भावांनी, शिवराम आणि विठ्ठल यांनी, उघड निषेध केल्यानंतर. तोवर बाळूंनी चव्वेचाळिशी गाठली होती. 1923 साली विठ्ठल कप्तान झाले आणि त्यांच्या संघाने चौरंगी सामन्यांचे विजेतेपद पटकावले.

आपल्या घरांत बाळूंचे नाव फारसे निघत नाही, याचे कारण आम्हांस ठाऊक आहे. 1932 च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या बाजूने नव्हते. 1937 च्या निवडणुकीत तर काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. जात पुढे करून ज्यांनी त्यांना कप्तान होऊ दिले नाही, त्यांच्याच राजकारणाने त्यांचे नाव मते मागायला वापरले, असे आमचे स्पष्ट मत आहे. काँग्रेसच्या तिकिटाचा राग त्या चार रुपयांच्या मजुरावर काढू नये, असेही आम्हांस वाटते. बाबासाहेबांना त्यांच्या खेळाचा अभिमान होता.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांत त्यांच्या नावावर 179 बळी आहेत. भाऊ विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. जुन्या ग्रंथालयात चौकशी करावी. आणि मुलांना घेऊन मुंबईस जाणे झालेच, तर परळला उतरून प्रभादेवीकडे वळावे. तेथे पी. बाळू मार्ग आहे.