कुलगुरू म्हणतात ‘सगळे समान’. पण अडचण आली तर पोरांनी जायचं कुठं?

नवं वर्ष सुरू झालं की विद्यापीठात कुलगुरूंचं स्वागताचं भाषण होतं. इथं सगळे समान, असं ते सांगतात. या शब्दामागं नियम आहेत. गावातून पहिल्यांदा वसतिगृहात जाणाऱ्या पोरा-पोरींना ते माहीत हवेत.

जातीवरून वेगळी वागणूक : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनुसार वर्गात अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांची जात जाहीर करणं, मेस किंवा वसतिगृहात त्यांना वेगळं ठेवणं हा भेदभावच आहे. यासाठी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असतो. तक्रार त्यांच्याकडे लेखी द्या, पोहोच घ्या.

रॅगिंग : प्रवेशावेळी विद्यार्थी व पालक दोघांकडून हमीपत्र घेतात. मदतीसाठी १८००-१८०-५५२२ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो.

मुलींची छेडछाड : अंतर्गत तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते.

दिव्यांग विद्यार्थी : २०१६ च्या कायद्यानुसार सरकारी व अनुदानित संस्थांत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना किमान ५ टक्के जागा राखीव आहेत.

कित्येक पोरं अपमान गिळतात, ‘इथं करमत नाही’ म्हणून घरी येतात आणि शिक्षण सुटतं. म्हणून फोनवर नुसतं ‘जेवलास का?’ विचारून थांबू नका. ‘कुणी त्रास देतं का?’ हेही विचारा.