१ एक्सवर झकास, ०.५ एक्सवर चेहरे काळे: फोन असं का करतो?

गेल्या महिन्यात आमच्या आजोबांची पंचाहत्तरी झाली. अंगणात मांडवाखाली पस्तीस-चाळीस जण उभे. १ एक्सवर मावेनात, म्हणून ०.५ दाबलं आणि धडाधड फोटो काढले. संध्याकाळी बघतो तर आकाश मस्त निळं, माणसं मात्र काळवंडलेली. आजोबांचा चेहरा ओळखूच येईना! मला वाटलं, लेन्स गेली.

गेली नव्हती. मित्रांनो, कॅमेरा फ्रेममधला उजेड मोजतो आणि एकंदरीत फोटो मध्यम उजळ दिसेल असं एक्सपोजर ठरवतो. यालाच मीटरिंग म्हणतात. १ एक्सवर फ्रेममध्ये बहुतेक माणसंच होती. ०.५ वर गेलो तसा मांडवाबाहेरच्या आकाशाचा मोठा पट्टा आत आला. फोनला वाटलं उजेड फार आहे, त्याने एक्सपोजर खाली ओढलं. सावलीतली माणसं त्यात बुडाली.

दुसरी गोष्ट, ०.५ म्हणजे नुसता झूम कमी नाही, तो बहुतेक फोनमध्ये वेगळाच कॅमेरा असतो. मेन लेन्स एफ/१.८ आणि वाइड एफ/२.२ असेल, तर मेनमधून सेन्सरच्या तेवढ्याच भागावर जवळपास दीडपट उजेड पडतो. त्यात वाइडचा सेन्सर सहसा लहान. दिवसा हे जाणवत नाही, पण रात्री हॉलमध्ये लगेच कळतं.

मग दोष सीनचा की लेन्सचा, हे कसं ओळखायचं? एकसारखा उजेड पडलेली भिंत पूर्ण फ्रेममध्ये घ्या आणि प्रत्येक लेन्सने एकेक फोटो काढा. साधारण सारखेच आले तर मीटरिंग ठीक आहे. एकच लेन्स धुरकट दिसत असेल तर आधी ती पुसा. (माझ्या वाइडवर चक्क बोटाचा तेलकट ठसा होता.) लेन्सवर काच चिकटवली असेल तर तीही काढून बघा. प्रो मोडमध्ये ईव्ही मायनसवर राहिलाय का, तेही तपासा.

३ एक्सची मात्र एक गंमत आहे. कमी उजेडात बरेच फोन टेलि लेन्स वापरतच नाहीत, मेनचाच फोटो कापून मोठा करतात. खात्री करायची तर टेलि लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही, तर तुम्ही मेन कॅमेऱ्यातूनच बघताय.

उपाय सोपा आहे. चेहऱ्यावर टॅप करा, सूर्याचं चिन्ह वर सरकवा, आकाश पांढरं पडलं तर पडू द्या. दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये एक्सपोजर लॉक होतं. पण लेन्स बदलली की लॉक सुटू शकतं, म्हणून पुन्हा टॅप करायचं. व्हिडिओत तर मधेच लेन्स बदलूच नका. आमच्या औक्षणाच्या व्हिडिओत ७५ दिवे एकदम भक्कन उजळतात, ते त्यामुळेच.

ग्रुप फोटोचं म्हणाल, तर एडिटमध्ये शॅडोज वाढवून चेहरे थोडे वर आले, पण खरखरीत. शेवटी आत्याच्या जुन्या फोनमधला १ एक्सचा फोटो फ्रेम केला. त्यात दोन काका अर्धेच आलेत.