बॉम्बऐवजी नोटा सापडल्या तर

1980च्या दशकात अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल विमानतळावर एक पद्धत रूढ झाली होती. तिथे बॅगा एक्स-रेमधून तपासण्याचं काम एका खासगी कंपनीकडे होतं. तिच्या कर्मचाऱ्याला बॅगेत मोठी रोकड दिसली, की तो पोलिसांना आणि कस्टम्सला कळवायचा. त्यासाठी 250 डॉलरचं बक्षीस ठेवलेलं होतं. अशा खबरीतून सुरू झालेल्या एका प्रकरणात प्रवाशाचे 1,24,570 डॉलर जप्त झाले. वाद नवव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयापर्यंत गेला आणि 1989 मध्ये न्यायालयाने ती झडतीच बेकायदा ठरवली.

या निकालामागचा विचार मला पूर्णपणे पटतो. अमेरिकेत घराची किंवा सामानाची झडती घ्यायला एरवी वॉरंट किंवा ठोस संशय लागतो. विमानतळावर तो लागत नाही, कारण इथला हेतू एकच आहे: शस्त्र किंवा स्फोटक विमानात जाऊ नये. लाखो निरपराध माणसं रोज बॅगा उघडून दाखवतात ती या एका कारणासाठी. त्याच रांगेचा उपयोग गुन्हे हुडकायला होऊ लागला, तर दिलेल्या सवलतीचा पायाच निघून जातो.

मग जे दिसलं त्याकडे डोळेझाक करायची का? हवाईतल्या हिलो विमानतळावरचं एक प्रकरण इथे नीट समजून घ्यावं लागतं. यंत्राने धोक्याचा इशारा दिला म्हणून एका प्रवाशाची बॅग उघडली गेली. पत्र्यासारखी पातळ स्फोटकं कागदांच्या मध्ये लपवता येतात, त्यामुळे कागदपत्रं चाळणं हा कामाचाच भाग होता. ती चाळताना लहान मुलांची नग्न छायाचित्रं बाहेर आली. तपासनीस तिथे थांबले नाहीत. त्यांनी आणखी छायाचित्रं पाहिली, पत्रं वाचली. 2011 मध्ये त्याच अपील न्यायालयाने या एकाच तपासणीचे दोन भाग केले. स्फोटकं शोधताना जे समोर आलं ते वैध. संशय पक्का करण्यासाठी पुढे जे उलगडून पाहिलं ते या तपासणीच्या कक्षेबाहेरचं.

माझ्या मते अशा वेळी तपासनिसाने पोलिसांना तत्काळ बोलवायलाच हवं. मूल धोक्यात असल्याची खूण पाहून गप्प बसणं कोणत्याही गणवेशाला शोभणारं नाही. पण पुढचा शोध पोलिसांनी, त्यांच्या अधिकारात आणि त्यांच्यावरची बंधनं पाळून करावा.

अमेरिकेत विमानतळांवरची तपासणी करणाऱ्या टीएसए या सरकारी यंत्रणेची आजची भूमिका बरीचशी अशीच आहे: अमली पदार्थ शोधायचे नाहीत, सापडलेच तर पोलिसांना कळवायचं. सेंट लुईसमध्ये 4,700 डॉलर जवळ असलेल्या प्रवाशाला अडवून ठेवल्यावर खटला झाला आणि 2009 मध्ये टीएसएने लेखी सूचना काढली, की विमानसुरक्षेशी संबंध नसलेल्या गुन्ह्यांचे पुरावे शोधण्यासाठी तपासणी करू नये. तरीही मोह सुटत नाही. अमली पदार्थविरोधी यंत्रणेने एका टीएसए तपासनिसालाच खबऱ्या म्हणून नोंदवून त्याला जप्त रोकडीवर बक्षीस कबूल केल्याचं 2016 मध्ये अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी उघड केलं. पैसे प्रत्यक्षात दिले गेले नाहीत, पण बक्षिसाची आशा लागली की माणसाची नजर स्फोटकावरून नोटांकडे वळते. युरोपीय संघाच्या नियमांत तपासनिसाने एका बैठकीत साधारण 20 मिनिटांपेक्षा जास्त वेळ एक्स-रे प्रतिमा पाहू नयेत असं म्हटलं आहे, इतकं हे काम डोळ्यांना आणि मनाला थकवणारं आहे. त्यात आणखी दहा गोष्टी शोधायला सांगणं प्रवाशांच्या जिवाशी खेळणं आहे.

आपल्याकडे डिसेंबर 1999 मधल्या आयसी-814 या विमानाच्या अपहरणानंतर, फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून सीआयएसएफकडे विमानतळं सोपवली जाऊ लागली. हे सशस्त्र केंद्रीय दल आहे, पण गुन्ह्याचा तपास करणं त्याचं काम नाही. ते स्थानिक पोलीस, कस्टम्स किंवा आयकर खात्याला कळवतं. निवडणुकीच्या काळात विमानतळावर 10 लाखांहून जास्त रोकड किंवा किलोभर सोनं आढळलं, तर आयकर खात्याला कळवण्याची निवडणूक आयोगाची सूचना असते. ती निदान लेखी आहे, मर्यादा सांगणारी आहे. एरवी देशांतर्गत विमानातून रोकड नेणं हा गुन्हाच नाही. मुलीच्या लग्नासाठी पैसे घेऊन निघालेल्या माणसाला तासन् तास खुलासे द्यायला लावणं कोणत्या सुरक्षेत बसतं?

अमेरिकेत बेकायदा झडतीतला पुरावा न्यायालय सहसा बाजूला ठेवतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात वेगळी वाट धरली: झडतीत दोष असला, तरी पुरावा संबद्ध असेल तर तो चालतो. म्हणजे मर्यादा ओलांडली तरी खटल्यावर सहसा परिणाम होत नाही. 2017 मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरल्यानंतरही तपासणीच्या रांगेत त्याचा अर्थ काय, हे प्रवाशाला कळेल अशा भाषेत कुठे लिहिलेलं दिसत नाही.

म्हणून आपल्याकडे ही मर्यादा आधीच, नियमात घालून द्यावी लागेल. कुणाच्या जिवाला धोका दिसला किंवा उघड गंभीर गुन्हा समोर आला, तर लगेच पोलिसांना कळवावं. शस्त्र-स्फोटकाची शंका फिटली, की बॅग बंद करावी. बक्षीस कधीच नसावं. आणि शंका फिटल्यावरही बॅग उघडी ठेवली असेल, तर ती कुणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी, याची नोंद त्याच वेळी करून तिची प्रत प्रवाशाच्या हाती द्यावी.