कोल्हापुरी चपलेची परीक्षा

सुटीत घरच्या मंडळींबरोबर कोल्हापूरला गेलात, अंबाबाईचे दर्शन झाले, रंकाळ्यावर फेरफटका झाला, की पावले चपलांच्या दुकानांकडे वळतात. आजोबांसाठी एक जोड, मामांसाठी एक, आणि एक स्वतःसाठी! दुकानात दोन जोड सारखेच दिसतात. पण एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट असते. दुकानदार दोन्ही ‘अस्सल’ म्हणून सांगतो. वडील चप्पल वाकवून पाहतात, आई वास घेते, आणि तुम्ही चालून करकर आवाज ऐकता. यांपैकी कोणती परीक्षा खरी?

आवाज पहिल्यांदा बाद करू या. दोन थर एकमेकांवर घासताना क्षणभर अडकतात व सुटतात, म्हणून करकर होते. घर्षण कोणत्याही पदार्थांत असते. तेव्हा आवाजावरून कातड्याची जात कळत नाही.

मग कातड्याची जात म्हणजे काय? जनावराचे कच्चे कातडे तसेच ठेवले तर कुजते. ते मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. या तंतूंना बाहेरच्या रेणूंनी एकमेकांशी बांधले, की कातडे टिकाऊ होते. यालाच ‘कातडे कमावणे’ म्हणतात. कोल्हापुरीच्या परंपरागत पद्धतीत हे काम बाभळीची साल आणि हिरडा यांतील टॅनिन करते. चुन्यात ठेवून केस काढलेले कातडे शिवून त्याची पखालीसारखी पिशवी करतात, ती टांगतात आणि तिच्यात साल व हिरड्याचे पाणी भरतात. हे पाणी कातड्यातून हळूहळू झिरपते. टॅनिनचे रेणू मोठे असतात आणि तळासाठी वापरतात ते म्हशीचे कातडे जाड असते. विसरणाच्या नियमाप्रमाणे जाडी दुप्पट झाली, तर लागणारा वेळ सुमारे चौपट होतो! म्हणूनच या कामाला कित्येक आठवडे लागतात.

दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. तिचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने 1884 साली घेतले. तिच्यात काम फार लवकर उरकते. आज जगातील बहुतेक कातडे असेच कमावले जाते. आणि तिसरा प्रकार म्हणजे रेक्झिन. ते कातडे नव्हेच. कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेला असतो.

आता दुकानात काय पाहाल? चपलेची कापलेली कड पाहा. रेक्झिनच्या कडेला कापडाचे धागे आणि वरचा थर वेगवेगळे दिसतात. कातड्यात सर्वत्र गुंतलेले तंतू असतात. कड तपकिरी असेल, तर सालीने कमावलेले असण्याचा संभव आहे. निळसर-करडी असेल, तर क्रोमचे. पण कडेला रंग लावला असेल, तर डोळे फसतात. म्हणून कारागिराकडून कातडे कापताना पडलेली एक कातरण मागून घ्या आणि शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या मदतीने दोन प्रयोग करा.

पहिला प्रयोग : कातरणीच्या आतल्या, खरखरीत बाजूवर हिराकशीच्या पाण्याचा एक थेंब टाका. टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन काळा डाग पडेल. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई अशीच होत असे.

थांबा, लगेच निकाल देऊ नका! क्रोमने कमावलेल्या कातड्याला पुष्कळदा वरून टॅनिनही देतात. तेही काळे पडेल. म्हणून दुसरा प्रयोग हवा.

दुसरा प्रयोग : कातरणीची 5 सें.मी. लांब पट्टी कापून थोडा वेळ साध्या पाण्यात भिजवा. मग चंचुपात्रात पाणी व तापमापी ठेवून, पट्टी बुडवून, पाणी हळूहळू तापवा. सालीने कमावलेली पट्टी साधारण 70 ते 85 अंश सेल्सिअसला एकदम आखडते. चांगली क्रोमची पट्टी पाणी उकळू लागले तरी बहुधा तशीच राहते. कोलॅजनच्या रेणूत तीन साखळ्यांचा पीळ असतो. उष्णतेने तो सुटला, की तंतू आखूड होतात. टॅनिनचे बंध या पिळाला जेवढा आधार देतात, त्याहून क्रोमियमचे बंध जास्त देतात.

काही जण तुकडा जाळून वास पाहतात. ते करू नका. जळत्या प्लॅस्टिकचा धूर अपायकारक असतो, आणि क्रोमचे कातडे जाळल्यास क्रोमियमची विषारी संयुगे बनू शकतात. शिवाय कोणतेही कातडे जाळले तरी जळक्या केसांसारखाच वास येतो. ते कशाने कमावले, हे त्यातून कळत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांतील कारागिरांचा तो हक्क आहे. रेक्झिनचा जोड त्याच नावाने विकला गेला, तर तुमचे थोडे पैसे जातात. पण ज्याने एका कातड्यामागे आठवडेच्या आठवडे घालवले, त्याच्या मालाला गिऱ्हाईक उरत नाही. स्वस्त चप्पल घेण्यात गैर काही नाही. मात्र ती कशाची आहे हे विचारून, पाहून घ्यावी.

आणि घरी आणलेला जोड पावसात भिजला, तर चुलीजवळ वाळवू नका. ओले कातडे कमी तापमानालाच आखडते, हे तुम्ही चंचुपात्रात पाहिलेच आहे. सावलीत वाळवा आणि थोडे तेल लावा.